जरा पुन्हा सांगता का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



एकत्र काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकाच जागी जमलेली माणसं येतात. गणपतीचा मांडव घालणारी पोरं, लग्नघरात पुऱ्या लाटायला बसलेल्या बायका, भातलावणीला वाकलेली रांग. तिथं फारसं सांगावं लागत नाही. शेजारच्याचं कुठं अडलंय ते दिसतं आणि आपला हात आपसूक तिकडं जातो.

पण आज पुष्कळ काम असं चालत नाही. पुण्यात बसलेली मुलगी, बंगळुरूतला मुलगा, शिकागोतला साहेब आणि पोलंडमधला आणखी कुणी, असे चौघं मिळून एकच काम करतात. एकाच वेळी करतात, आणि प्रत्येकाच्या हातात त्या कामाचा वेगळा तुकडा असतो. एकमेकांना ते दिसतात ते पडद्यावरच्या टीचभर चौकोनात. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा हे असलं ऑफिस आपल्यापैकी अनेकांच्या घरात येऊन बसलं आणि कित्येक घरांतून ते अजून उठलेलं नाही.

या कामाबद्दल बोलताना चर्चा होते ती यंत्रांची. इंटरनेटचा वेग किती, कॅमेरा कसा, कुठलं ॲप चांगलं. मला आज वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. दूर बसलेल्या माणसांचं काम यंत्रामुळे बिघडतं त्यापेक्षा ऐकण्यामुळे जास्त बिघडतं. मी बोललो ते समोरच्यानं ऐकलं का? ऐकलं असेल, तर मला म्हणायचं होतं तेच ऐकलं का? आणि त्यानं ते ऐकलं, हे मला कळणार कसं? एका खोलीत बसलं की या प्रश्नांची उत्तरं चेहऱ्यावरून मिळतात. दूर बसलं की ती मुद्दाम मिळवावी लागतात.

हा प्रश्न काही कॉम्प्युटरबरोबर आलेला नाही. आपल्या रेल्वेनं तो फार पूर्वीच सोडवला. जे फाटक सिग्नलला यंत्रानं जोडलेलं नसतं, तिथं स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यात दुवा असतो फक्त टेलिफोनचा. मास्तर सांगतो, गाडी येतेय, फाटक बंद कर. गेटमन फाटक बंद करतो, कुलूप लावतो आणि फोनवर तसं सांगतो. पण "हो साहेब, बंद केलं" एवढ्यावर भागत नाही. त्याच्यापाशी एक छापील तक्ता असतो. त्यावर दोन-दोन आकडी संख्या उलटसुलट क्रमानं छापलेल्या असतात. त्यातली पुढची संख्या तो मास्तरला सांगतो आणि आपल्या तक्त्यावर ती खोडतो. मास्तर ती आपल्या वहीत लिहून घेतो. याला रेल्वेत 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. तो मिळाल्याशिवाय मास्तरनं गाडीला सिग्नल द्यायचा नाही. दोन स्टेशनांचे मास्तर एकमेकांकडून गाडीसाठी लाइन क्लिअर घेतात, तिथंही या नंबरांचा वापर होतो.

आता हा नंबर कशासाठी? 'हो' म्हणायला काही लागत नाही. माणूस झोपेत 'हो' म्हणतो, सवयीनं म्हणतो, फोन लवकर संपावा म्हणूनही म्हणतो. पण नंबर सांगायचा तर तक्ता समोर घ्यावा लागतो, बघावं लागतं, वाचावं लागतं, खोडावं लागतं. तेवढ्यात माणूस जागा होतो. शिवाय निरोप पोचल्याची खूण दोन्ही टोकांना कागदावर राहते. फाटकावर बैलगाडी, शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या बांधलेल्या सायकली. आणि तिकडून येणारी गाडी. दोन आकड्यांच्या त्या संख्येवर एवढं सगळं अवलंबून असतं.

आता याच प्रश्नाचं एक फार मोठं उदाहरण सांगतो. १९७० सालच्या एप्रिलमधली 'अपोलो १३' ही चांद्रमोहीम. जिम लॉव्हेल, फ्रेड हेझ आणि जॅक स्विगर्ट हे तिघे चंद्राकडे निघाले होते. उड्डाणानंतर सुमारे छप्पन्न तासांनी त्यांच्या यानातली ऑक्सिजनची एक टाकी फुटली. पृथ्वीपासून ते तेव्हा सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास दूर होते. भारतात १४ एप्रिलची सकाळ होती, साडेआठ वाजून गेले होते.

पुढं काय झालं ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९९५ साली त्यावर सिनेमाही आला आणि त्यातलं 'ह्यूस्टन, वुई हॅव अ प्रॉब्लेम' हे वाक्य जगभर झालं. पण मूळ संभाषणातली एक गोष्ट सिनेमाच्या गर्दीत हरवली. आम्हाला इथं अडचण आली होती, असं पहिल्यांदा म्हणाले ते स्विगर्ट. त्यावर ह्यूस्टनहून जॅक लूस्मा यांचं उत्तर गेलं, "ह्यूस्टन बोलतोय. कृपया पुन्हा सांगा." मग लॉव्हेल यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. म्हणजे अंतराळातल्या त्या भयंकर अपघातावर पृथ्वीवरून गेलेले पहिले शब्द होते, 'पुन्हा सांगा'. धीर देणारे शब्द नव्हते, सल्लाही नव्हता. आधी नीट ऐकू तर दे.

त्या तिघांना परत आणायला किती ठिकाणची माणसं राबत होती पाहा. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मुख्य मंडळी. त्यांच्या पाठीमागच्या खोल्यांतून त्यांना माहिती पुरवणारे तज्ज्ञ. ज्या छोट्या चांद्रयानात तिघांनी आसरा घेतला, ते बनवणारी ग्रमन कंपनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. मुख्य यान बनवणारी नॉर्थ अमेरिकन रॉकवेल दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. दिशादर्शनाची यंत्रणा रचणारी प्रयोगशाळा मॅसॅच्युसेट्समध्ये. यानाची हुबेहूब प्रतिकृती असलेले सिम्युलेटर ह्यूस्टनला आणि फ्लोरिडात केप केनेडीला, आणि त्यांत बसून प्रत्येक कृती आधी करून बघणारे दुसरे अंतराळवीर. यानाचा क्षीण आवाज टिपायला कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या तबकड्या. ऑस्ट्रेलियातली पार्क्सची ६४ मीटर व्यासाची दुर्बीणसुद्धा मदतीला घेतली गेली. आणि शेवटी प्रशांत महासागरात वाट बघणारं जहाज. यांतल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. इंटरनेट नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता. होता तो आवाज.

मग गोंधळ कसा झाला नाही? त्यांनी बोलण्याला शिस्त लावली होती म्हणून. ती शिस्त अपघात झाल्यावर नाही लावली, आधीच लावली होती.

पहिली गोष्ट, यानाशी बोलायचं ते एकानंच. त्या माणसाला 'कॅपकॉम' म्हणत आणि तो स्वतः अंतराळवीर असे. कक्षात कितीही हुशार माणसं असली, तरी थेट यानाशी एरवी दुसरं कुणी बोलत नसे. यानात बसलेल्या घाबऱ्या माणसाच्या कानावर एका वेळी एकच आवाज पडावा, आणि तो आतलं घर ओळखणाऱ्या माणसाचा असावा, हा हेतू.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाचे कान मात्र अनेक ठिकाणी. नियंत्रकांच्या कानाला हेडफोन असे आणि त्यात वेगवेगळ्या संभाषणांच्या वाहिन्या. त्यांना 'लूप' म्हणत. विजेचं बघणारा माणूस आपल्या मागच्या खोलीशी एका लूपवर बोले, प्रमुखाशी दुसऱ्या लूपवर, आणि यानाचं बोलणं तिसऱ्या लूपवर ऐके. आपल्या बायका नाही का, कढईतल्या फोडणीकडं लक्ष, बाहेरच्या खोलीतल्या गप्पांकडं कान आणि कुकरच्या शिट्ट्या मोजतात, तसलाच प्रकार. त्यामुळे बराचसा निरोप वेगळा सांगावाच लागत नसे. पण बोलायचं कुणाशी, किती आणि केव्हा, हे मात्र ठरलेलं.

तिसरी गोष्ट, निर्णय कुणाचा हे स्पष्ट. प्रत्येक पाळीला एक फ्लाइट डायरेक्टर. स्फोट झाला तेव्हा जीन क्रॅन्झ यांची पाळी संपत आली होती. पुढची पाळी ग्लिन लुनी यांनी घेतली. क्रॅन्झ आपली माणसं घेऊन बाजूला झाले आणि परतीच्या शेवटच्या टप्प्याच्या तयारीला लागले. चालू तासाचं काम एका गटाकडे आणि तीन दिवसांनंतरचं काम दुसऱ्या गटाकडे. दोघांनीही सगळंच करायचं, असं झालं नाही. वीज कशाला किती द्यायची याचा हिशेब जॉन एरन या तरुणाकडे सोपवला. त्याचं वय तेव्हा २६ होतं. त्यानं नाही म्हटलं की वयानं मोठ्या माणसांनीही आपलं उपकरण बंद ठेवायचं. चांद्रयानातला वीजवापर शेवटी १२ अँपिअरपर्यंत खाली आणला होता. तिथला दाब २८ व्होल्टचा. म्हणजे तीन माणसांच्या जिवाचा सारा संसार आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा कमी विजेवर चालला होता.

आणि चौथी गोष्ट म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. इंजिन कधी पेटवायचं, किती सेकंद पेटवायचं, यानाचं तोंड कुठल्या दिशेला हवं, हे सगळे आकडे खालून वाचून दाखवले जात. वरचा माणूस ते ठरलेल्या तक्त्यात लिहून घेई आणि एकेक आकडा परत वाचून दाखवी. खालच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच ते खरं. स्फोटानंतर पहिल्यांदा इंजिन पेटवून यान परतीच्या वाटेला लावलं, तेव्हा ते हिंदी महासागरात उतरलं असतं. चंद्राला वळसा घातल्यानंतर इंजिन पुन्हा चार मिनिटांहून अधिक काळ पेटवलं, म्हणून ते प्रशांत महासागराकडे वळलं आणि प्रवासाचे काही तास वाचले. एक आकडा चुकीचा ऐकला गेला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा प्रसंग सांगतो. चांद्रयान दोन माणसांच्या दोन दिवसांसाठी बनवलेलं. त्यात तीन माणसं जवळजवळ चार दिवस राहणार होती. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषणारे डबे मुख्य यानात भरपूर होते, पण ते चौकोनी. चांद्रयानातली जागा गोल. एड स्मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूस्टनला एक जुगाड बनवला. यानात जे आहे तेवढंच वापरायचं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे जाड पुठ्ठे, अंतराळवेशाच्या नळ्या आणि चिकटपट्टी. त्यांनी तो बनवला, तपासला. पण तो वर कसा पाठवणार? चित्र पाठवायची सोय नाही. तोंडी सांगायचं. कॅपकॉम जो कर्विन यांनी एकेक पायरी वाचून दाखवली. चिकटपट्टी किती कापायची? तीन फूट, म्हणजे चांगली हातभर. चिकट बाजू कुठल्या अंगाला ठेवायची, तेही सांगितलं. साधारण तासाभरात वर डबा तयार झाला आणि हवा सुधारू लागली.

'हातभर' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. सांगणाऱ्यानं स्वतःसमोरची पट्टी नाही वापरली, ऐकणाऱ्याजवळ जे माप आहे ते वापरलं. माझ्या मते दुरून काम सांगण्याची सारी विद्या त्यात आली. आपल्याला काय कळलंय ते सांगायचं नसतं. समोरच्याला त्याच्या जागेवरून, थंडीत, अर्धवट झोपेत, अपुऱ्या पाण्यात काय कळेल, ते सांगायचं असतं. १७ एप्रिल १९७० रोजी ते तिघे सुखरूप समुद्रात उतरले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. टाकी फुटलीच का? चौकशी मंडळानं ते शोधून काढलं. टाकीत एक तापक होता, आणि तो जास्त तापू लागला की बंद करणारा एक छोटा स्विच. आधी तो सगळा संच २८ व्होल्टसाठी होता. १९६५ साली उड्डाणतळावर ६५ व्होल्टची वीज वापरायचं ठरलं आणि तशी सुधारित सूचना मुख्य कंपनीनं टाकी बनवणाऱ्या उपकंत्राटदाराला दिली. स्विच मात्र २८ व्होल्टचाच राहिला. उपकंत्राटदारानं तो बदलला नाही, आणि तो बदललाय का हे वरच्या कुणालाही दिसलं नाही. उड्डाणाआधी मार्च १९७० मध्ये टाकी रिकामी करताना तापक बराच काळ चालू ठेवला. स्विच चिकटून बसला, तापमान प्रमाणाबाहेर वाढलं, तारांवरचं वेष्टन जळालं. पुढं अंतराळात त्या तारांतून ठिणगी पडली.

म्हणजे श्रोतेहो, गंमत बघा. अपघात झाला तो दूर दूर बसलेल्या माणसांच्या कामात एक निरोप अर्धवट मुरला म्हणून. आणि जीव वाचले तेही दूर दूर बसलेल्या माणसांच्याच कामामुळे. माणसं तितकीच हुशार, कंपन्या त्याच, देश तोच. फरक एवढाच होता की पहिल्या वेळी सूचना दिली की ती पोचली असं धरलं गेलं. दुसऱ्या वेळी ती परत ऐकल्याशिवाय कुणी पोचली असं धरलं नाही.

असं धरून चालण्याची किंमत आपल्या देशानंही मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं विमान १४ हजार फुटांवर होतं. दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याखाली उतरलं. ३४९ माणसं गेली. त्यांत आखातात कामाला निघालेले कितीतरी साधे लोक होते. न्यायमूर्ती लाहोटी यांनी केलेल्या चौकशीत, कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं हे कारण निघालं आणि त्यामागे वैमानिकांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाकडेही बोट दाखवलं गेलं. पुढं २००३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं वैमानिक आणि नियंत्रक यांच्या भाषेच्या चाचणीचे नियम केले, त्यामागे असे अपघात होते. विमानांच्या बोलण्यात आज उंची सांगितली की ती परत म्हणून दाखवावीच लागते. नुसतं 'ठीक आहे' चालत नाही.

आता आपण आपल्या ऑफिसात येऊ. तुम्ही म्हणाल, आमच्या कामात कुठं कुणाचा जीव जातो? मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. एका कंपनीत आमच्या शेजारच्या गटाकडे एका परदेशी कारखान्याच्या पगारपत्रकाचं काम होतं. नवी प्रणाली शुक्रवारी रात्री सुरू व्हायची होती. कॉलवर तीन गावची माणसं. तिकडून विचारलं गेलं, "डन?" इकडून उत्तर गेलं, "डन." विचारणाऱ्याला म्हणायचं होतं, तपासून झालं का? सांगणाऱ्याला म्हणायचं होतं, फाइली जागेवर ठेवून झाल्या. दोघंही समाधानानं झोपले. त्या महिन्यात कामगारांचे पगार तीन दिवस उशिरा झाले. कुणाचं घरभाडं अडलं असेल, कुणाचा औषधाचा खर्च. खोटं कुणीच बोललं नव्हतं. 'झालं' हा शब्द तेवढा दोघांचा वेगवेगळा होता. पुढचे दोन आठवडे दोन्हीकडची माणसं चूक कुणाची यावर पत्रं लिहीत बसली, ते वेगळंच.

यात आपली म्हणून एक भर असते. मराठी माणूस फोनवर सारखा 'हं, हं' किंवा 'हो, हो' करतो. त्याचा अर्थ मला पटलं असा नसतो, मी करतो असाही नसतो. मी ऐकतोय, तुम्ही बोला, एवढाच असतो. समोर मराठी माणूस असला तर त्याला ते कळतं. परदेशी माणूस मात्र तो होकार समजतो. 'बघतो', 'करून टाकू', 'होऊन जाईल' हे आपले शब्दही तसेच. घरात ते चालतात, कारण बोलणाऱ्याचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. काका 'बघतो' म्हणाले म्हणजे होणार नाही, आणि आत्या 'बघते' म्हणाली म्हणजे झालंच, हे घरातल्या पोरालाही कळतं. दूरच्या माणसानं ते कसं ओळखायचं?

वेळेचंही असंच. आपण 'उद्या सकाळी' म्हणतो. कुणाची सकाळ? न्यूयॉर्कची सकाळ नऊची वेळ उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला येते आणि थंडीत साडेसातला, कारण तिकडं वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं आणि आपल्याकडं बदलत नाही. मार्चच्या आणि नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात कितीतरी माणसं एकमेकांची वाट बघत बसलेली मी पाहिली आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००० सालच्या नोव्हेंबरपासून माणसं सलग राहताहेत. आपले शुभांशू शुक्ला २०२५ साली तिथं राहून आले. त्या स्थानकाशी ह्यूस्टन, मॉस्कोजवळचं कोरोल्योव, जर्मनीत म्युनिकजवळ आणि जपानात त्सुकुबा इथली केंद्रं मिळून काम करतात. मग स्थानकावर घड्याळ कुणाचं? ह्यूस्टनचं नाही, मॉस्कोचंही नाही. ग्रिनिचची प्रमाणवेळ. सगळ्यांनी आपापलं घड्याळ बाजूला ठेवून एक सामाईक घड्याळ मानलं. आपल्या कॉलच्या निमंत्रणात वेळेपुढं गावाचं नाव लिहिण्याएवढं तर आपल्यालाही जमेल.

पण खरी अडचण घड्याळाची नाही आणि इंग्रजीचीही नाही. खरी अडचण आहे ती विचारण्याच्या लाजेची. वीसजणांचा कॉल चालू असतो. साहेब भरभर बोलतात. आवाज मध्येच तुटतो. कोपऱ्यातल्या चौकोनात बसलेल्या नव्या मुलीला शेवटचं वाक्य कळलेलं नसतं. 'जरा पुन्हा सांगता का?' एवढंच तिला म्हणायचं असतं. ती म्हणत नाही. साहेबांना वाटेल, हिचं लक्ष नव्हतं. इतरांना वाटेल, हिचं इंग्रजी कच्चं. मग ती कॉल संपल्यावर शेजारच्याला व्हॉट्सॲपवर विचारते, आणि त्याला जे वाटलं ते खरं मानून रात्रभर काम करते. सकाळी ते सगळं पुसावं लागतं. हे तिच्या एकटीचं दुखणं नाही. आपल्याकडे शाळेपासून हेच शिकवलं जातं. गुरुजींनी एकदा सांगितलं ना, मग कळलंच पाहिजे. पुन्हा विचारलं की वर्ग हसतो.

म्हणून माझं सांगणं साहेबांना आहे. मुलीनं धीर करावा हे ठीक, पण आधी वाट साहेबांनी करून द्यायला हवी. 'समजलं ना?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला 'हो' हे एकच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'आता तुम्ही यातलं काय करणार आहात ते मला सांगा.' मुलगी आपल्या शब्दांत सांगेल, आणि तिच्या सांगण्यातून तुमच्या बोलण्यातली गाळलेली जागा तुम्हालाच दिसेल. 'झालं' असं कुणी म्हटलं, तर काय झालं ते विचारा. ठेवून झालं, तपासून झालं, की कुणाला कळवून झालं? कॉल संपवण्याआधी दोन मिनिटं राखून ठेवा. कोण काय करणार, केव्हापर्यंत आणि अडलं तर कुणाला विचारणार, एवढं एकानं लिहून वाचून दाखवावं. आणि पाळी बदलताना नुसती फाइल सोडून उठू नका. नियंत्रण कक्षात नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसतो, कानाला लावून चालू बोलणं ऐकतो, आणि दोघांची खात्री पटली की मगच जुना उठतो. दोन खंडांत बसलेल्या माणसांनाही दहा मिनिटांचा हा शेजार फोनवर साधता येतो.

यात वेळ जातो, हे मला मान्य आहे. परत म्हणून दाखवणं कंटाळवाणंही आहे. स्विगर्ट यांना परतीच्या दिवशी मुख्य यान पुन्हा चालू करण्याची लांबलचक यादी पृथ्वीवरून सांगण्यात आली. ती देणारे होते केन मॅटिंग्ली. मोहिमेवर खरं तर तेच जायचे, पण जर्मन गोवराच्या शंकेमुळे ऐन वेळी मागे राहिले होते. यादी लिहून घ्यायला पुरेसा कोरा कागदही वर नव्हता. थकलेली माणसं तिकडं आणि तितकीच थकलेली इकडं. तरी त्यांनी घाई केली नाही. वाचलं, लिहिलं, परत वाचलं.

आपल्या पुढच्या पिढीतली कितीतरी मुलं आयुष्यभर अशीच काम करणार आहेत. ज्यांच्या हातात हात कधी मिळवणार नाहीत अशा माणसांबरोबर, ज्यांच्या गावी कधी जाणार नाहीत अशा गावांसाठी. त्यांना इंग्रजी शिकवा, कॉम्प्युटर शिकवा, ते हवंच. पण त्याआधी घरात आणि वर्गात त्यांना निर्धास्तपणे एवढं म्हणू द्या, की मला नीट कळलं नाही, जरा पुन्हा सांगता का? आणि त्यांनी असं म्हटलं की न चिडता, न हसता, पुन्हा सांगा.